फुकटचं ऊन: सनबेडवर झोपल्यावर कातडीत काय घडतं

गेल्या नोव्हेंबरात एका रविवारी सकाळी भाचीचा इंग्लंडातल्या लेस्टरहून फोन आला. "मावशी, सनबेडवर झोपलं की व्हिटॅमिन डी मिळतं ना गं?"

ती तिथे शिकते आणि आठवड्यातून तीन संध्याकाळी एका टॅनिंगच्या, म्हणजे दिव्यांखाली कातडी सावळी करून देणाऱ्या दुकानात काउंटर सांभाळते. बडोद्याची मुलगी, बाराही महिने उन्हात वाढलेली. तिकडच्या पहिल्याच हिवाळ्यात पाठ दुखायला लागली, अंगात त्राण राहिना, रक्त तपासलं तर डी खाली. दुकानात काम करणाऱ्यांना महिन्याकाठी काही मिनिटं फुकट मिळतात. बरोबरीची मुलगी म्हणाली, गोळ्या कशाला, दहा मिनिटं आत पड, ऊन खाल्ल्यासारखंच आहे ते. शिवाय भाचीचं स्वतःचं एक गणित होतं: आपण मुळात सावळे, गोऱ्यांना होतो तो कॅन्सर आपल्याला कशाला होईल?

मी पंचवीस वर्षं शाळेत जीवशास्त्र शिकवलं. फोनवर तिला तासभर जे सांगितलं तेच इथे लिहून काढते आहे, कारण आमच्या बडोद्याच्या दांडिया बाजारच्या गल्लीतही आता घरटी एक मूल कॅनडात नाहीतर इंग्लंडात आहे, आणि तिकडे ही दुकानं बाजारपेठेत केस कापायच्या दुकानांच्या शेजारीच असतात.

सनबेड म्हणजे पारदर्शक प्लास्टिकचा पलंग. खाली ट्यूब, वरच्या झाकणातही ट्यूब, मधे माणूस. या ट्यूब आपल्या घरातल्या जुन्या ट्यूबलाइटच्या सख्ख्या बहिणी. दोन्हींमध्ये पाऱ्याची वाफ असते आणि वीज सुरू झाली की ती वाफ अतिनील किरण सोडते. घरच्या ट्यूबला आतून जो पांढरा थर असतो, तो या किरणांचं रूपांतर दिसणाऱ्या उजेडात करतो. सनबेडच्या ट्यूबमधला थर वेगळ्या पदार्थांचा असतो. त्यातून मुख्यतः यूव्हीए नावाचे अतिनील किरण बाहेर पडतात आणि थोडे यूव्हीबी.

या दोन नावांत सगळी गोम आहे, म्हणून इथे जरा थांबू. यूव्हीबीची लहर आखूड, सुमारे २८० ते ३१५ नॅनोमीटर. ते कातडीच्या वरच्या थरातच बहुतेक अडतात आणि तिथे जोरात भाजतात. उन्हात कातडी लाल होते, चुरचुरते, सालं निघतात, ते प्रामुख्याने त्यांच्यामुळे. यूव्हीएची लहर लांब, ४०० नॅनोमीटरपर्यंत. ते खालच्या थरात उतरतात, आणि भाजण्याच्या बाबतीत यूव्हीबीपेक्षा साधारण हजार पटीने सौम्य असतात. म्हणजे कातडीची धोक्याची घंटा वाजते ती यूव्हीबीने. यूव्हीए घंटेला हात न लावता आत येतात.

आत येऊन ते काय करतात हे मी घरातच पाहिलं आहे. माझे सासरे तीस वर्षं जीप चालवायचे. बडोदा, डभोई, छोटा उदेपूर आणि परत. उजवं कोपर कायम खिडकीबाहेर. अंघोळ करून बनियनवर बसले की दोन्ही हात शेजारी शेजारी दिसायचे. उजव्या हाताची कातडी कोपराखाली जुन्या चपलेच्या चामड्यासारखी, उभ्याआडव्या रेघांची, त्यावर तपकिरी ठिपके. डावा हात त्या मानाने पंधरा वर्षांनी लहान. आणि दंडाची काखेकडची बाजू, जिला जन्मभर ऊन लागलं नाही, ती सत्तरीतसुद्धा मऊ, एकसारखी. माणूस एक, वय एक. २०१२ साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये ६९ वर्षांच्या एका ट्रकचालकाचा फोटो आला होता. त्याने २८ वर्षं ट्रक चालवला होता, तिकडचं स्टीअरिंग डावीकडे, म्हणून डावा गाल सुरकुतून लोंबलेला आणि उजवा बराच नीट. खिडकीची काच यूव्हीबी बरेचसे अडवते, यूव्हीए जाऊ देते. खालच्या थरात कोलॅजनचे धागे असतात, पलंगाच्या विणलेल्या पट्ट्यांसारखे, ज्यांच्यावर कातडी ताणून बसलेली असते. यूव्हीएमुळे पेशी हे धागे कापणारी एन्झाइम सोडू लागतात. पट्ट्या सैल पडल्या की पलंगाला झोळ येतो.

सुरकुत्यांचं दुःख मोठं नाही. खरी काळजी त्याच्या पुढची.

प्रत्येक पेशीत डीएनएची माळ असते, चार प्रकारच्या मण्यांची. अतिनील किरणाचा घाव बसला की शेजारशेजारचे दोन मणी वितळल्यासारखे एकमेकांना चिकटतात. हे घडायला सेकंदाच्या अब्जाव्या भागाहूनही कमी वेळ पुरतो. पेशीजवळ यावर उपाय आहे आणि तो विलक्षण आहे. मांडवीकडे पूर्वी रफू करणारे बसायचे. जळका भाग कापून काढायचा, त्याच कापडाचे धागे घेऊन भोक विणून टाकायचं. पेशीतली प्रथिनं नेमकं हेच करतात. चिकटलेल्या मण्यांच्या आजूबाजूचा सुमारे ३० मण्यांचा तुकडा कापून काढतात आणि समोरच्या माळेकडे बघून नवा विणतात. ज्या मुलांना जन्मतःच हे रफू जमत नाही, त्यांना झिरोडर्मा पिगमेंटोसम नावाचा आजार असतो आणि लहानपणीच उन्हामुळे त्वचेचे कॅन्सर होऊ लागतात. तुमच्याआमच्या पेशी रोज रफू करतात म्हणून आपण उन्हात फिरू शकतो. पण एकदम फार भोकं पडली तर एखादं राहून जातं, नाहीतर चुकीचा मणी ओवला जातो. ती चूक पुढच्या प्रत्येक पेशीत उतरते. चुकीची जागा जर पेशीला 'आता वाढ थांबव' असं सांगणाऱ्या जनुकात आली, तर कॅन्सरची पहिली पायरी चढली गेली.

आता टॅन म्हणजे काय ते बघा. माळेला घाव बसल्याचं पी५३ नावाच्या पहारेकरी प्रथिनाला कळलं की ते वरच्या पेशीतून एक संदेश पाठवायला लावतं. तो खालच्या रंगपेशींना पोचतो. त्या मेलॅनिन, म्हणजे कातडीला रंग देणारं द्रव्य, तयार करतात, पुड्या बांधून वर पाठवतात, आणि वरच्या पेशी ते मेलॅनिन आपल्या केंद्रकावर टोपीसारखं पांघरतात. म्हणजे रंग चढायला सुरुवातच मुळी घाव बसल्यानंतर होते. 'हेल्दी टॅन' हा शब्द भाचीच्या दुकानाच्या पाटीवर आहे. त्या दोन शब्दांपैकी पहिला काढून टाकायला हवा, असं मी तिला अगदी मनापासून सांगितलं.

रंग दोन तऱ्हांनी चढतो आणि हे आपल्याला बडोद्यात दरवर्षी दिसतं. १४ जानेवारीला, उत्तरायणाला, पतंग उडवायला सगळे सकाळपासून धाब्यावर, म्हणजे गच्चीवर. संध्याकाळी तुक्कल, म्हणजे पतंगाच्या दोरीला बांधलेले कागदी कंदील, चढवायच्या वेळी घड्याळ काढलं की मनगटावर फिका पट्टा आणि बाकी हात लगेच काळवंडलेला. हा पहिला रंग यूव्हीएचा. कातडीत आधीच असलेलं मेलॅनिनच त्याने गडद होतं, नवीन काही बनत नाही. वासी उत्तरायण, म्हणजे सणाचा दुसरा दिवस, उलटून गेल्यावर, दोन-तीन दिवसांनी, जो पक्का रंग येतो तो नव्या मेलॅनिनचा, बराचसा यूव्हीबीचा. सनबेडवर लवकर दिसणारा रंग बहुतांश पहिल्या जातीचा. संरक्षण म्हणून त्याची किंमत जवळजवळ काही नाही. पक्क्या टॅनचंसुद्धा संरक्षण एसपीएफ (सनस्क्रीनवर लिहिलेला संरक्षणाचा आकडा) ३-४ च्या क्रीमइतकंच. तरी समुद्रकिनारी सुट्टीला जाण्याआधी 'बेस टॅन' करून घ्यायला तिच्या दुकानात रांग असते.

आणि मेलॅनिन नेहमीच ढाल असतं असंही नाही. २०१५ साली येल विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांनी दाखवलं की यूव्हीएनंतर दिवा बंद केला तरी रंगपेशींत मणी चिकटायचं काम काळोखात तीन तासांहून जास्त वेळ चालूच राहतं, आणि यात मेलॅनिनचे तुकडेच ऊर्जा पोचवतात. दहा मिनिटांची पाळी संपवून मुलगी कोट घालून बसथांब्यावर उभी राहते तेव्हा आतलं नुकसान अजून सुरूच असतं.

"पण उन्हातही हेच होतं की," भाची म्हणाली. होतं. फरक मात्रेचा आहे. जोरकस सनबेडमधून मिळणारं यूव्हीए भर दुपारच्या उन्हाच्या १० ते १५ पट असू शकतं. उन्हाचा दाह मोजायला यूव्ही इंडेक्स नावाचं माप असतं. युरोपातल्या नियमाने सनबेडची मर्यादा या मापावर १२ ला बांधलेली आहे. आता १२ म्हणजे काय? बडोदं कर्कवृत्ताच्या जेमतेम एक अंश दक्षिणेला. मे-जूनच्या भर दुपारी इथला आकडा ११ च्या पुढे जातो. त्या वेळी न्यायमंदिरासमोर कुत्रंसुद्धा सावली सोडत नाही. नियमात बसणारा, चांगला सनबेड म्हणजे ते ऊन, कपडे काढून, पाठीपोटावर एकदम, नोव्हेंबरात. उन्हात निदान चटका बसतो, तहान लागते, माणूस उठून आत जातो. बेडमध्ये पंखा चालू असतो.

आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००९ साली सनबेडला पहिल्या गटात टाकलं, जिथे तंबाखू आणि ॲस्बेस्टॉस आहेत. या गटाचा अर्थ नीट समजून घ्यायला हवा. सनबेड सिगारेटइतकाच घातक, असं त्यात म्हटलेलं नाही. कॅन्सर होतो याचा पुरावा तितकाच पक्का, असं म्हटलेलं आहे. धोका किती वाढतो ते वेगळ्या अभ्यासांतून कळतं. ३५ व्या वर्षाआधी सनबेड सुरू करणाऱ्यांत मेलॅनोमाचा धोका ७५ टक्क्यांनी जास्त, असं २००६ च्या एकत्रित विश्लेषणात निघालं. २०१२ मध्ये जास्त अभ्यास जमेला धरल्यावर हा आकडा ५९ टक्के आला. मेलॅनोमा हा रंगपेशींचाच कॅन्सर, त्वचेच्या कॅन्सरांतला सगळ्यात जीवघेणा, कारण तो लवकर पसरतो. ब्राझीलने २००९ मध्येच हौसेच्या टॅनिंगवर पूर्ण बंदी घातली. ऑस्ट्रेलियातली दुकानं एकामागोमाग एक राज्याने बंद केली. इंग्लंड आणि वेल्समध्ये २०११ पासून १८ वर्षांखालच्यांना मनाई आहे. भाची दारावर ओळखपत्र बघते ते यासाठी. भाची २२ वर्षांची, म्हणजे कायद्याच्या दृष्टीने मोकळी. पण ३५ च्या अलीकडे आहेच.

आता तिचं सावळेपणाचं गणित. ते अर्धं बरोबर आहे. आपल्या कातडीत तपकिरी मेलॅनिन जास्त, टोप्या जाड, त्यामुळे मेलॅनोमा आपल्यात गोऱ्यांपेक्षा खूप कमी. वर दिलेले आकडे मुख्यतः गोऱ्या लोकांच्या अभ्यासांतले आहेत आणि ते जसेच्या तसे आपल्याला लावणं योग्य होणार नाही. पण कमी म्हणजे शून्य नाही; मणी आपलेही चिकटतात, सुरकुत्या आपल्यालाही पडतात, आणि एक त्रास तर आपल्यालाच जास्त होतो. वांग. गालावर, कपाळावर, ओठाच्या वर येणारे ते मातकट चट्टे. गव्हाळ, सावळ्या रंगात रंगपेशी चटकन चिडतात, आणि अतिनील किरण हे त्यांना चिडवायचं सगळ्यात सोपं साधन. आलेला वांग घालवायला वर्षं जातात. आपल्याकडे मुलींना 'उन्हात खेळू नको, काळी होशील' म्हणून घरात बसवायचे. ते चूक होतं, आणि आज इंग्लंडात सावळा रंग विकत घ्यायला गोऱ्या मुली पैसे भरतात, तेही तितकंच चूक. दोन्हीकडे मुलीच्या कातडीला तिचा रंग ठेवू दिला जात नाही, याचं मला खरोखर वाईट वाटतं.

डोळ्यांचं थोडक्यात. मकरपुरा जीआयडीसीत, आमच्या औद्योगिक वसाहतीत, वेल्डिंग करणाऱ्या कोणालाही विचारा. काच न लावता काम केलं की रात्री डोळ्यांत वाळू भरल्यासारखं होतं, पाणी थांबत नाही. सनबेडमध्ये खास चष्मा न घालता पडलं तर तेच होतं, आणि पुढे मोतीबिंदूला हातभार लागतो. पापण्या मिटल्याने किंवा वर ओला कापूस ठेवल्याने भागत नाही.

औषधं चालू असतील तर प्रकरण आणखी बिघडतं. मुरुमांसाठी देतात ती डॉक्सिसायक्लिन, रक्तदाबाची हायड्रोक्लोरोथायझाइड, अशा काही गोळ्यांनी कातडी अतिनील किरणांना हळवी होते. एरवी चालणाऱ्या मात्रेत फोड येतात. आपल्या आज्यांना हे दुसऱ्या बाजूने ठाऊक होतं. कोडावर बावचीचा लेप लावून सकाळच्या उन्हात बसवायचे. बावचीत सोरालेन असतं आणि ते प्रकाशाशी मिळून काम करतं. पुढे डॉक्टरांनी तेच सोरालेन आणि यूव्हीए मोजूनमापून वापरलं. आता बहुतेक ठिकाणी कोडासाठी आणि सोरायसिससाठी ३११ नॅनोमीटरच्या यूव्हीबीचे दिवे असतात. कोणी म्हणेल, मग इस्पितळातला दिवा चालतो आणि दुकानातला का नाही? इस्पितळात आजार असतो, मात्रा सेकंदात मोजतात, प्रत्येक पाळीची नोंद ठेवतात, आणि तरीही त्वचेवर वर्षानुवर्षं लक्ष ठेवतात. दुकानात नाणं टाकलं की दिवा लागतो.

एकदा जाणारी पुन्हा का जाते, हेही भाचीने विचारलं. अतिनील किरणांनी कातडीतून बीटा-एंडॉर्फिन सुटतं, शरीराचंच अफूसारखं द्रव्य. २०१४ मध्ये उंदरांवर याचा प्रयोग झाला. रोज किरण दिलेल्या उंदरांना अफूचा परिणाम उतरवणारं औषध दिल्यावर ते व्यसन सुटताना होतं तसे थरथरू लागले. तिच्या दुकानात आठवड्यातून चारदा येणाऱ्या बाईला बळ कमी आहे असं मला वाटत नाही. तिला सवय लावली गेली आहे.

राहिलं व्हिटॅमिन डी, जिथून हे सगळं सुरू झालं. ते कातडीत बनतं यूव्हीबीने, आणि सनबेड देतो मुख्यतः यूव्हीए. जे थोडं यूव्हीबी असतं त्यानेही एका मर्यादेपर्यंतच काम होतं. त्यापुढे बनलेला कच्चा माल त्याच किरणांनी निरुपयोगी पदार्थांत बदलतो, म्हणून जास्त वेळ पडून जास्त डी मिळत नाही. नुकसान मात्र मिनिटागणिक वाढतं. इंग्लंडात ऑक्टोबरपासून मार्चच्या सुरुवातीपर्यंत उन्हातून डी बनण्याइतकं यूव्हीबी पोचतच नाही, म्हणून तिथली सरकारी आरोग्यसेवा सगळ्यांनाच थंडीत रोज १० मायक्रोग्रॅम, म्हणजे ४०० युनिटची गोळी घ्यायला सांगते, आणि सावळ्या माणसांनी वर्षभर घ्यायचा विचार करावा असंही. तिची पातळी तपासणीतच खाली आली होती, तेव्हा किती घ्यायचं ते तिथल्या डॉक्टरला विचारायला सांगितलं. इथून कुणीतरी ६०,००० युनिटच्या पुड्या पाठवायच्या आणि तिने मनाने रोज खायच्या, असं मात्र नको. डी साठत जातं आणि जास्त झालं की रक्तातलं कॅल्शियम वाढतं.

बडोद्यात सनबेड शोधायला कुणी जात नाही. पण अलकापुरीत नखांना जेल लावून घेतात तेव्हा ज्या छोट्या पेटीत हात घालतात, तिथले दिवेही यूव्हीएचेच. २०२३ मध्ये सॅन दिएगोच्या संशोधकांनी प्रयोगशाळेत माणसाच्या पेशी २० मिनिटं अशा दिव्याखाली ठेवल्या. एका पाळीत २० ते ३० टक्के पेशी मेल्या आणि उरलेल्यांच्या डीएनएत चुका सापडल्या. बशीतल्या पेशी म्हणजे जिवंत हात नव्हे, आणि वर्षातून दोनदा लग्नाला नखं करणाऱ्या मुलीने घाबरायचं कारण नाही. दर पंधरा दिवसांनी जाणारीने आधी हाताला सनस्क्रीन लावावं, किंवा बोटांची टोकं उघडी राहतील असे मोजे घालावेत.

शेवटी मी भाचीला बूट-मोजे काढायला लावले. सावळ्या लोकांत मेलॅनोमा झालाच तर तो बऱ्याचदा तळव्यावर, तळहातावर किंवा नखाखाली होतो. याचा उन्हाशी फारसा संबंध नसतो, म्हणून 'मी सनबेड सोडला' म्हटलं तरी हे पाहायचंच. बॉब मार्ली हा जमैकाचा गायक १९८१ मध्ये ३६ व्या वर्षी गेला, सुरुवात पायाच्या अंगठ्याच्या नखाखाली झाली होती. आपल्याकडे असा डाग चामखीळ म्हणून, बुटाने लागलं म्हणून राहून जातो आणि उशिरा कळतो. तीळ एकसारखा नसेल, कड वेडीवाकडी असेल, एकाच तिळात दोन-तीन रंग दिसत असतील, तो पेन्सिलीच्या मागच्या टोकाहून मोठा असेल, किंवा कसाही असला तरी बदलत असेल, तर त्वचेच्या डॉक्टरकडे जायचं. नखात नवी काळी रेघ आली आणि रुंदावत गेली तरीही.

तिने फोन जमिनीवर टेकवून तळवा दाखवला. डाव्या करंगळीच्या खाली एक तीळ होता. मी ताईला, म्हणजे तिच्या आईला, हाक मारली. ताईने पडद्याजवळ डोळे नेऊन पाहिलं आणि म्हणाली, हा तर जन्मापासूनचा. तरी मी भाचीला शेजारी मोजपट्टी ठेवून फोटो काढायला लावला. मे महिन्यात तोच फोटो पुन्हा काढायचा आहे.